कडक शॉकचें खूळ

जुन्या लहान मोटारी जतन करण्याची हौस अलीकडे आपल्या मध्यमवर्गांत बरीच वाढली आहे, आणि ती वाढावी यांत आम्हांस कांहींच वावगें दिसत नाहीं. ज्या घरांत आजोबांची फियाट दारांत उभी आहे त्या घरानें ती भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्याऐवजीं रस्त्यावर ठेवण्याची खटपट केली, तर त्यांत द्रव्यापेक्षां प्रीतीचाच भाग अधिक असतो, व प्रीतीचा हिशेब कोणीं मागूं नये. परंतु हौस वाढली म्हणजे तिच्या मागोमाग मतें वाढतात, मतांच्या मागोमाग त्यांचे दुकानदार येतात, आणि मग जी गोष्ट एखादा साधा मिस्त्री तासा-दोन तासांत मुकाट्यानें उरकीत असे तिचें एक अगाध शास्त्र बनतें. मोटारीचे झिजलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलतांना नवे कोणते घ्यावे, हा असाच एक प्रश्न आहे. त्यावर सध्यां जें मत बोकाळलें आहे तें थोडक्यांत असें : शॉक जितका कडक, जितका महाग आणि जितका परदेशी तितका चांगला, आणि आमचे रस्ते वाईट असल्यामुळें तर तो अधिकच कडक पाहिजे. हें मत साफ चुकीचें आहे. इतकेंच नव्हे, तर ज्या गाड्या वांचविण्याच्या नांवाखालीं तें सांगितलें जातें त्याच गाड्यांच्या तें मुळावर येणारें आहे, असें आमचें म्हणणें आहे.

वाङ्मयाच्या मासिकांत लोखंडी नळ्यांची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेंच कीं, ज्या वस्तूंत आपलीं मुलें व म्हातारीं माणसें बसवून आपण तासाला साठ किलोमीटर जातों तिचा विचार करण्यांत कमीपणा कसला? शिवाय शब्दाचा अर्थ नीट न समजल्यानें माणसें कशीं फसतात हा तर वाङ्मयाचाच विषय आहे. आणि या सगळ्या घोटाळ्याचें मूळ एका शब्दांतच आहे, हें पुढें दिसेल.

वादाला मैदान ठरलेलें असावें, म्हणून आम्ही पालघर जिल्ह्यांतील डहाणू व तलासरी हे दोन तालुके घेतों. एक तर, ज्यांच्या घरीं जुनी गाडी जपली जाते अशीं कुटुंबें या भागांत आहेत. डहाणू, घोलवड, बोर्डी येथील चिकूच्या कित्येक वाड्या पारशी व इराणी बागाईतदारांच्या. आणि मोटार जपावी तर पारशानेंच, अशी आपल्याकडे समजूत आहे. मुंबईच्या वर्तमानपत्रांतील जाहिरातींत जुनी गाडी 'पारशी मालकाची' आहे एवढे दोन शब्द घातले कीं गिऱ्हाइकाचा विश्वास बसे, हें पुष्कळांस आठवत असेल. दुसरें असें कीं, रस्त्याचे जितके म्हणून प्रकार आहेत तितके येथें थोड्या अंतरांत पाहावयास मिळतात. तलासरीवरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. त्याचा क्रमांक पूर्वीं आठ होता, आतां अठ्ठेचाळीस आहे. मालमोटारींची रांग मात्र दोन्ही क्रमांकांखालीं सारखीच. उदवाड्याच्या आतशबेहरामच्या दर्शनास मुंबईहून मोटारीनें जाणारीं पारशी कुटुंबें याच मार्गानें जातात. डहाणूहून आशागड, गंजाडवरून चारोटीस येणारा रस्ता पावसाळा सरतां सरतां कसा असतो हें ज्यानें एकदां अनुभवलें त्यास सांगावयास नको. तलासरीहून उधव्याकडे किंवा आंतल्या पाड्यांकडे वळलें म्हणजे डांबर कोठें संपतें व खडी कोठें सुरू होते याचा पत्ता चाकांसच अगोदर लागतो. आणि तिसरें, जें आमच्या वादांत सर्वांत महत्त्वाचें आहे, तें म्हणजे समुद्र. बोर्डी-घोलवडचा सुरूच्या झाडांमधला रस्ता मनास कितीही आल्हाद देवो, तेथील खारा वारा मोटारीच्या पत्र्यास हळूहळू खातो.

(२०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे हादरे बसूं लागले व तेथील लोकांनीं थंडींत घराबाहेर रात्री काढल्या. तेव्हां या प्रदेशाविषयीं लिहितांना 'धक्का' हा शब्द आम्ही केवळ मोटारीपुरता वापरीत आहों, हें ध्यानांत असावें.)

गाडी फियाटच धरूं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानें ज्या गाड्या निघाल्या त्यांपैकीं १९६४ सालची 'अकराशें डिलाइट' हीच पुढें १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' झाली, व सन २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबेपर्यंत तिचा सांगाडा मूळचाच राहिला. राणीचें नांव धारण करणाऱ्या या गाडीचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, आणि वजन सारें नऊशें किलोंच्या आसपास. पुढच्या दोन चाकांस गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागच्या आंसास पाटे, आणि चारी चाकांस तेलाच्या नळीचे शॉक. तिला निराळी चासी नाहीं. पत्र्याचें अंग हेंच तिचें हाड. हें शेवटचें वाक्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें अशी विनंति आहे.

मुंबईंत ही गाडी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धांवत होती तोंवर तिच्या शॉकचा प्रश्न कधीं पडलाच नाहीं. टॅक्सीवाला दिवसभर ती हांकी, शॉक झिजवी, नवे बसवी व पुन्हां झिजवी; कोणता माल टिकतो व कोणता चार महिन्यांत तेल गाळतो हें त्याच्या कंबरेस ठाऊक असे. अशी शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं टॅक्सी म्हणून नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा पुरी होऊन ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर सुट्या भागांचें मोठें गिऱ्हाईकही गेलें, आणि ज्ञानही गेलें. आतां शॉक घेणारा माणूस वर्षांतून चार-सहा रविवारीं गाडी बाहेर काढतो. त्याची कंबर त्यास कांहीं सांगत नाहीं, म्हणून तो दुसऱ्याचें ऐकतो. आणि ऐकावें कोणाचें, तर जो सर्वांत मोठ्यानें बोलतो त्याचें.

आतां तो शब्द. 'शॉक अ‍ॅब्सॉर्बर' म्हणजे धक्का शोषणारा. गॅरेजांत त्याचा 'शॉकअप' झाला आहे, व आम्हांस तोच अपभ्रंश अधिक प्रामाणिक वाटतो, कारण निदान तो कांहीं अर्थ सांगण्याचा आव आणीत नाहीं. मूळ शब्द मात्र धडधडीत खोटा आहे. धक्का शोषते ती स्प्रिंग, धक्का शोषतो तो पाटा, कांहींसा टायरही. चाक उंचवट्यावर चढलें कीं स्प्रिंग दबते, व गाडीच्या अंगास तो उंचवटा तितकासा कळत नाहीं. परंतु दबलेली स्प्रिंग गप्प बसत नाहीं. ती उसळते, पुन्हां दबते, पुन्हां उसळते. एकदां हालविलेला पाळणा जसा आपोआप थांबावयास वेळ लावतो तसा तिचा प्रकार. ही उसळी जिरविणें, पाळण्यास अलगद हात लावून तो थांबविणें, एवढेंच शॉकचें काम. इंग्रज यंत्रशास्त्रज्ञ त्यास 'डॅम्पर' म्हणतात, तें यथार्थ आहे. नळींतला दट्ट्या तेलांतून वरखालीं होतो, तेल झडपांच्या बारीक वाटांतून ढकललें जातें, आणि स्प्रिंगेची उसळी तेलाच्या उष्णतेंत विरून जाते.

या यंत्राच्या जन्मकथेंतही हेंच दिसतें. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंत गॅब्रिएल कंपनीचा जो पट्ट्याचा 'स्नबर' निघाला त्याचें काम पाटा वर उसळतांना त्यास आवरून धरणें एवढेंच होतें. दबणाऱ्या पाट्यास तो आडवा येतच नसे. त्याच नांवाची हिंदी कंपनी, गॅब्रिएल इंडिया, १९६१ सालीं स्थापन होऊन मुंबईंत मुलुंड येथें शॉक बनवूं लागली. आजचे तेलाचे शॉक दोन्ही बाजूंनीं अडवणूक करतात हें खरें. तथापि चांगल्या शॉकमध्यें उसळतांनाची अडवणूक दबतांनाच्या अडवणुकीपेक्षां बरीच जास्त, सामान्यतः दुप्पट-तिप्पट ठेवलेली असते. कारण उघड आहे. दबणाऱ्या स्प्रिंगेस शॉकनें अडविलें, तर जो धक्का तिनें गिळावयाचा तो तिला गिळूं न देतां तो सरळ गाडीच्या अंगांत पोंचवितो.

यावरून कडकपणाचें खूळ किती निराधार आहे हें सुज्ञांच्या ध्यानांत येईल. 'रस्ते वाईट, म्हणून शॉक कडक' असें म्हणणारा मनुष्य शॉकला धक्क्याशीं कुस्ती खेळणारा पहिलवान समजतो. आणि पहिलवान जितका दांडगा तितका बरा, हा त्याचा तर्क त्या समजुतीपुरता बरोबरही आहे. परंतु समजूतच खोटी! ज्यानें होळींत पिचकारी हातांत धरली आहे त्यास ठाऊक असेल कीं, दांडा सावकाश ढकलला तर सहज जातो, आणि घाईनें ढकलला तर हातास अडतो. शॉकचेंही तेंच. उथळ, लांबट चढउतारावर दट्ट्या सावकाश चालतो. तीक्ष्ण कडेच्या खड्ड्यांत चाक आदळतें तेव्हां तो एकदम झपाट्यानें लोटला जातो, व त्याच क्षणीं कडक शॉक जवळजवळ लोखंडी पहारेसारखा ताठ होतो. गुळगुळीत शर्यतीच्या रस्त्यावर, जेथें तीक्ष्ण खड्डाच नाहीं, तेथें कडक शॉक शोभतो. गंजाडच्या रस्त्यावर तो पहारेचें काम करतो, आणि त्या पहारेचें वरचें टोंक कोठें रुतलेलें आहे? गाडीच्या पत्र्यांत.

येथें तें समुद्राचें आणि निराळी चासी नसल्याचें प्रकरण उपयोगास येतें. शॉकचा वरचा सांधा ज्या जागीं अंगास जोडलेला असतो ती जागा चिखल, पावसाचें पाणी व खारा वारा यांच्या माऱ्यांत पन्नास वर्षें राहिलेली. वरून रंग ताजा असला तरी आंतल्या घडींत गंजानें पत्रा कागदासारखा झालेला असूं शकतो. त्या पत्र्यावर प्रत्येक खड्ड्याला घणाचा घाव घालावयाचा, आणि वर 'गाडी आतां कशी दणकट झाली!' म्हणून मिशीवर ताव द्यावयाचा, हें शहाणपण आमच्या बुद्धीच्या पलीकडचें आहे. शॉक दहा वेळां बदलतां येईल. अंग गेलें म्हणजे गाडी गेली. कुर्ल्यास नवें अंग करून देणारा कारखाना आतां राहिलेला नाहीं.

कडकपणाच्या पक्षाचें दुसरें शस्त्र म्हणजे 'गॅस'. या शब्दाचा बाजारांत असा कांहीं दरारा आहे कीं, दुकानदारानें तो उच्चारतांच गिऱ्हाईक पाकीट काढतें. गॅसचा खरा उपयोग आहे, आणि तो आम्ही नाकारीत नाहीं. खडबडीत रस्त्यावर मैलोगणती गाडी हांकली म्हणजे नळींतलें तेल तापतें व हवेंत मिसळून त्यास फेंस येतो. फेंसाळलेलें तेल अडवणूक करीत नाहीं, व शॉक तात्पुरता मेल्यासारखा होतो. तेलावर वायूचा दाब ठेवला तर फेंस आवरतो. येथपर्यंत सर्व ठीक. पण दाब किती, हें कोणी विचारीत नाहीं. दुहेरी नळीच्या साध्या शॉकमध्यें थोडासा दाब पुरतो. एकेरी नळीचे जे शॉक परदेशांतून मोठ्या दिमाखानें येतात त्यांत वायूचा दाब चौरस सेंटिमीटरला वीस-पंचवीस किलो असतो. दट्ट्याचा दांडा अकरा मिलिमीटर जाडीचा धरला तर त्याचें क्षेत्र एक चौरस सेंटिमीटराहून किंचित् कमी भरतें. म्हणजे असा प्रत्येक शॉक गाडी उभी असतांनाही जवळजवळ चोवीस किलोंच्या जोरानें तिला वर ढकलीत असतो. चार मिळून पंचाण्णव किलो! बसवणीच्या कोनामुळें व पुढच्या बाजूस तरफेमुळें चाकाशीं तो जोर कांहीं कमी भरेल, हें मान्य. तरीही नऊशें किलोंच्या गाडीस एक धष्टपुष्ट माणूस खालून अहोरात्र उचलून धरीत आहे असेंच तें झालें. दोन-अडीच टनांच्या मोटारीस हा जोर जाणवत नाहीं; फियाट मात्र आपल्या स्प्रिंगांवर बसतच नाहीं, तर तरंगते. मग मालक म्हणतो, 'गाडी कशी उंच, तरतरीत दिसते!' दिसते खरी. टांचांवर उभें राहिलेलें मूलही उंच दिसतें.

उंचीचा विषय निघालाच आहे तर या भागांत वरचेवर ऐकूं येणारी एक तक्रार सांगून टाकूं. डिकींत चिकूचीं खोकीं भरलीं, मागें तीन माणसें बसलीं, कीं गाडीचें शेपूट बसतें. आणि मिस्त्री म्हणतो, 'मागचे शॉक गेले.' वाचकहो, शॉक ओझें उचलीतच नाहीं. साधा तेलाचा शॉक काढून टाकला तरी गाडीची उंची केसभरही बदलावयाची नाहीं. शेपूट बसलें तें पाट्यांमुळें. पाटे थकले आहेत, किंवा त्यांतलें एखादें पान तुटलें आहे, किंवा पानांमध्यें गंज धरला आहे. पाटे सोडवून, घांसून, गरज पडल्यास त्यांची कमान पुन्हां बसवून घेण्याचें काम मळकट आहे, त्यास वेळ लागतो, आणि त्यांत दाखविण्यासारखें कांहीं नाहीं. झगझगीत पिवळ्या नळ्या बसविणें सोपें, आणि रविवारच्या मेळाव्यांत त्या चारचौघांस दिसतात. थकलेल्या पाट्यावर कडक शॉक बसविणें म्हणजे अशक्त रोग्यास पथ्य व औषध न देतां लोखंडी अंगरखा चढविण्यासारखें आहे.

येथवर आम्ही एका पक्षाशीं भांडलों. त्याच्या अगदीं उलट टोंकास दुसरा पक्ष आहे, त्यास शुद्धतावादी म्हणावें. याचें म्हणणें असें कीं, जुन्या गाडीस कारखान्यांतून निघतांना जो शॉक होता तोच, त्याच छापाचा, त्याच वेष्टनांतला पाहिजे. आणि तो न मिळाल्यास मेलेला मूळचा शॉकच गाडीखालीं राहूं द्यावा, पण परका माल लावूं नये. हे लोक २०२१ सालच्या नियमांकडे बोट दाखवितात. त्या वर्षीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील मोटारींसाठीं निराळ्या नोंदणीची सोय केली, व तींत गाडी मूळ स्वरूपांत असावी अशी अट घातली, ही गोष्ट खरी. परंतु नियमाचा रोख चासी, अंग व इंजिन यांतील मोठ्या फेरफारांवर आहे. शॉक हा वहाणेच्या तळव्यासारखा झिजण्यासाठींच केलेला भाग; तो बदलल्यानें गाडी बाटते असें म्हणणाऱ्यांनीं टायरही १९६४ सालचेच वापरावे! त्याच नियमांनुसार अशी नोंद झालेली गाडी नेहमींच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. ज्यांस आपली गाडी घरच्या कामाकाजास न्यावयाची आहे, त्यांनीं त्या पाटीच्या मोहांत पडण्यापूर्वीं याचाही विचार करावा.

शुद्धतावाद्यांची खरी फजिती बाजारांत होते. मुंबईच्या चोरबाजारांत किंवा कुर्ल्याच्या भंगारांत 'जुना पण न वापरलेला' शॉक मिळाला कीं त्यांस मोत्याचा हार सांपडल्याचा आनंद होतो. पण शॉक म्हणजे नाणें नव्हे. त्याच्या दांड्याभोंवतीं रबराचें सील असतें, आणि तें फळीवर पडून राहिलें तरी वर्षांनुवर्षांत ताठ होतें, भेगाळतें. बसविल्यावर महिन्याभरांत तेल गळूं लागतें. कित्येकदां तर तो न वापरलेलाही नसतो, काळा रंग फांसलेला कोणाचा तरी टाकलेला नग असतो. आणि मेलेला शॉक तसाच ठेवणें हें तर केवळ हट्टाचें नव्हे, जिवाशीं खेळण्याचें काम आहे. शॉक मेला म्हणजे चाक रस्त्यावर नीट टेंकत नाहीं, चेंडूसारखें उड्या मारतें. आणि हवेंतल्या चाकाचा ब्रेक काय कामाचा? ढोल-ब्रेकची जुनी गाडी, पुढें एकदम थांबलेली मालमोटार, मागें दुसरी. तलासरीच्या चढावर अशा वेळीं वेष्टनावरचा इटालियन छाप कोणास वांचवीत नाहीं.

एका बाबतींत मात्र शुद्धतावाद्यांचें म्हणणें आम्ही पुरतें मान्य करतों. मॉरिस मायनर, जी विलायतेंत १९४८ पासून १९७१ पर्यंत बनली व जिचा एक अवतार आपल्याकडे 'बेबी हिंदुस्थान' म्हणून निघाला, तिचा शॉक नळीचा नसून पेटीचा असतो; पेटींतून निघालेला दांडा वरखालीं हालतो, आणि पुढच्या बाजूस तोच दांडा चाकाचा वरचा आधारही असतो. म्हणजे तेथें शॉक काढला तर चाकाचा सांधाच काढला. त्या गाडीस नळीचे शॉक बसविण्यासाठीं जादा पट्ट्या ठोकाव्या लागतात, भलत्या जागीं जोर पडतो, आणि जुनी पेटीही आधारासाठीं बहुधा जागच्या जागीं ठेवावीच लागते. असल्या गाडीच्या धन्यानें पेटी स्वच्छ करवून, सील बदलवून, योग्य तेल भरून घ्यावें, व नळ्यांच्या नादीं लागूं नये.

तिसरा पक्ष बोलका नाहीं, म्हणून त्यावर फार लिहावयास नको. पण नुकसान त्याचेंही कमी नाहीं. हा 'बसला कीं झालें' या पंथाचा. टोंकें जुळलीं, बोल्ट शिरला, कीं कोणत्याही गाडीचा शॉक यास चालतो. याला एवढेंच सांगावयाचें कीं शॉकला लांबी असते, आणि ती दोन प्रकारची असते : पुरता मिटलेला असतांनाची व पुरता उघडलेला असतांनाची. मिटल्यावर तो फार लांब असेल तर स्प्रिंग पुरी दबण्यापूर्वींच नळी तळाशीं आपटते. उघडल्यावर फार आंखूड असेल तर चाक खड्ड्यांत लोंबतांच सारा आंस त्या एका दांड्यास लटकतो, व एक दिवस सांधा उपटून येतो. म्हणून नवा शॉक आणण्याआधीं गाडीखालीं शिरून तीन मापें घ्यावीं : गाडी आपल्या चाकांवर उभी असतांनाचें, चाक मोकळें लोंबत असतांनाचें, आणि रबरी ठोकळ्यावर तें पुरें दाबलें असतांनाचें. नव्याची मिटलेली लांबी तिसऱ्या मापाहून थोडी कमी, उघडलेली लांबी दुसऱ्याहून थोडी जास्त, आणि पहिल्या मापाशीं दट्ट्या साधारण मध्यावर, अशी जुळणी साधली म्हणजे माप झालें. राहिली झडपांची बांधणी. ती नऊशें किलोंच्या आसपासच्या गाडीसाठीं केलेली असावी. जीपचा किंवा डिझेल टेम्पोचा शॉक मापांत बसला तरी घेऊं नये.

आमचा स्वतःचा कौल यावरून कळलाच असेल. फियाटसारख्या हलक्या गाडीस, डहाणू-तलासरीसारख्या मुलखांत, दुहेरी नळीचा, तेलाचा, मूळच्या मऊपणाचा, आजच्या ताज्या सीलाचा देशी शॉक. तो एका आंसावरचे दोन्ही एकदम बदलून बसवावा, कारण एक जिवंत व एक अर्धमेला अशी जोडी ब्रेक लावतांना गाडीस तिरकी ओढते. त्याआधीं पाटे पाहावे, रबराचे बुश बदलावे, वरच्या सांध्याच्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक रोवून तो आंत शिरतो कीं काय हें पाहावें, व टायरमधली हवा तपासावी. शॉक गेला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची जी रूढ परीक्षा आहे ती अर्धीच खरी. पाट्यांतला गंजसुद्धां उसळी थांबवितो, आणि मेलेला शॉक त्या परीक्षेंत उत्तीर्ण होतो. नळीवर ओघळलेलें तेल, टायरवर ठिकठिकाणीं पडलेल्या वाट्यासारख्या खळग्या, आणि खडीवरून जातांना हातांत कांपणारें स्टीअरिंग हीं अधिक विश्वासाचीं लक्षणें होत.

आतां शेवटचा आक्षेप. महामार्गावर मऊ शॉकनें गाडी हेलकावते, वळणावर कलते, म्हणून वेगासाठीं कडकपणा अवश्य आहे, असें कांहीं जाणते लोकही म्हणतात. यांत दोन गोष्टींची भेसळ आहे. मऊ शॉक निराळा आणि मेलेला शॉक निराळा. हेलकाव्याची तक्रार करणारे बहुतेक जण गाडींतील मेलेल्या शॉकशीं नव्या कडक शॉकची तुलना करीत असतात, नव्या मऊ शॉकशीं नव्हे. आणि वेग म्हणाल, तर ज्या गाडीचें इंजिन पन्नास अश्वशक्तींचेंही नाहीं तिनें शंभराच्या वेगानें जाणाऱ्या नव्या मोटारींशीं स्पर्धा करण्यासाठीं शॉक निवडावे, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. साठाच्या वेगानें डाव्या बाजूनें जाणाऱ्या फियाटला मूळच्या जातीचा ताजा शॉक पुरून उरतो. गेल्या कांहीं वर्षांत या महामार्गावर काँक्रीटचा थर घालण्याचें काम झालें, त्यामुळें खड्डे कमी झाले तरी सांध्यासांध्यावर चाकास टपटप ठोके बसतातच. अशा बारीक, झटपट ठोक्यांवर कडक शॉक अंगास सर्वांत अधिक त्रास देतो, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें मागच्या बांकावर आपल्या आजीस बसवून तिला विचारावें.

ज्यांस रोज उधवा किंवा गंजाडच्या बाजूस खडीवरून जावें लागतें त्यांच्यापुरती एक सवलत आम्ही देतों. त्यांनीं दुहेरी नळीचा, थोड्या दाबाच्या गॅसचा शॉक घ्यावयास हरकत नाहीं. फेंसाची अडचण त्यांस खरोखरच येते. मात्र दुकानांत वेष्टन फोडून शॉक उभा धरावा व दांडा तळहातानें खालीं दाबून पाहावा. नुसत्या तेलाचा असेल तर तो दाबला तेथें राहील. थोड्या दाबाच्या गॅसचा असेल तर सावकाश आपण होऊन वर येईल. आणि सारा जोर लावूनही नेटानें हात परतवूं लागला, तर तो फियाटसाठीं नाहीं. पहिले दोन घरीं आणल्यावर बसविण्यापूर्वीं उभे धरून पांच-सहा वेळां पुरते उघडावे-मिटावे, म्हणजे आडव्या खोक्यांत असतांना तेलाच्या बाजूस शिरलेली हवा जागच्या जागीं जाते. मिस्त्री हें करीत नसेल तर तें स्वतः करावें. त्यास दोन मिनिटें लागतात.